आडोशाचा आठवडा

चाकणचा आवाज थांबला की माझी झोप जाते.

डिसेंबर संपत आला की इथल्या मोठ्या कंपन्या आठवडाभर शटडाऊन घेतात. लाइन बंद, बसगाड्या बंद, कँटीनच्या चुली बंद. त्यांच्यावर जगणारी आमची छोटी वर्कशॉप मग आपोआपच गप्प होतात. कुरुळीच्या ज्या रस्त्यावर एरवी ट्रेलरमधून वाट काढताना माणसाचा जीव मेटाकुटीला येतो, तिथे त्या दिवसांत कुत्री मधोमध पसरलेली असतात. टपरीवाला दूध अर्धंच घेतो. कोपऱ्यावर हरभऱ्याच्या ओल्या जुड्या घेऊन बायका बसतात आणि घ्यायला कुणी नसतं. लोक गावाला गेलेले असतात, लग्नं उरकतात, कोकणात जातात. सगळ्यांना हा आठवडा गोड लागतो. मला त्यात फक्त एका गाडीचा आवाज ऐकू येतो, जी अजून आलेली नसते.

ती गाडी कुठली, हे धंद्याबाहेरच्यांना सांगावं लागेल. मी पत्र्याचे सुटे भाग दाबून काढतो. पत्रा प्रेसखाली सरकवायचा, धप्प, आणि सीटखालचा ब्रॅकेट तयार. त्या ब्रॅकेटला आकार देणारा जो पोलादी साचा असतो त्याला डाय म्हणतात, आणि डाय माझी नसते. ती कंपनीची. माझ्या छपराखाली, माझ्या प्रेसवर, माझ्या तेलात न्हाऊन वर्षानुवर्षं राहते, पण मालक ते. त्यांना वाटलं की काम दुसऱ्याला द्यावं, तर भांडण नाही, चर्चा नाही. एक पत्र घेऊन ट्रक येतो आणि डाय उचलून नेतो. डायबरोबर काम जातं, कामाबरोबर माणसं. आणि असे ट्रक येतात ते बहुतेक शटडाऊनमध्ये. प्रेस बंद, मालक गावाला, गेटवर एकटा वॉचमन. चोराला तरी रात्र लागते.

म्हणून वीस-बावीस वर्षं मी शटडाऊनमध्ये कुठे गेलो नाही. गेटजवळ खुर्ची टाकून बसायचो. लोक म्हणायचे, शेठ किती कष्टाळू.

उदगीरहून आलो तेव्हा भोसरीत दुसऱ्याच्या प्रेसवर ऑपरेटर होतो. स्वतःची पहिली प्रेस घेतली ती भंगारवाल्याशी तीन आठवडे हुज्जत घालून. भाव केल्याशिवाय मी आयुष्यात कोथिंबीरसुद्धा घेतलेली नाही. हा गुण आहे की दोष, यावर माझ्या घरात दोन मतं आहेत आणि माझ्या बाजूला मी एकटा आहे.

चार वर्षांपूर्वीच्या शटडाऊनला मात्र मी गेलो. नेला गेलो म्हणा.

मुग्धा, माझी मुलगी, हिंजवडीत नोकरी करते. बाकीच्यांच्या मुली सुट्टीला मॉलमध्ये जातात, ही शनिवार-रविवार मुंबईला जाऊन शिडाची बोट चालवायला शिकत होती. मला वाटलं होतं फॅड आहे, पावसाळ्यात उतरेल. तिने परीक्षा दिली, सर्टिफिकेट आणलं आणि एक दिवस जेवताना सांगितलं, "थायलंडला फुकेतजवळ बोट घेतलीय. आठवडाभर. तुम्ही, आई आणि मी."

"आणि चालवणार कोण?"

"मी."

"आणि तुझ्याबरोबर?"

"तुम्ही. दोऱ्या ओढायला."

माझी बायको अलका तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मी येणार. हे आले नाहीत तरी." तिला पोहता येत नाही. तिने समुद्र पाहिला होता तो अलिबागला, गुडघ्यापर्यंत.

फुकेतच्या पूर्वेला समुद्रातून चुनखडीचे कडे सरळ उभे राहिलेत, जणू कुणी डोंगर मुळासकट उपटून पाण्यात रोवलेत. वर झाडी, खाली लाटांनी कुरतडलेली पोकळी. थंडीतला वारा तिथे ईशान्येकडून येतो. त्यामुळे रोजचं काम सोपं: सकाळी निघायचं, दुपारपर्यंत रमतगमत पुढच्या बेटाशी पोचायचं, आणि बेटाच्या पाठीमागे, जिथे वारा लागत नाही, तिथे नांगर टाकून बसायचं. मुग्धा त्या जागांना बे म्हणायची. मी आडोसा म्हणायचो.

पहिल्या दिवशी बंदराबाहेर आल्यावर तिने इंजिन बंद केलं आणि मी ताडकन उठलो. मशीन थांबल्याचा आवाज ऐकला की धावत सुटायची इतक्या वर्षांची सवय.

"मुग्धा, बंद पडलं!"

"बंद केलंय, पप्पा."

"मग चाललोय कशावर?"

"वर बघा."

वर शीड फुगलं होतं, घट्ट, एका बाजूने ऊन पडलेलं. बोटीखालून पाणी सळसळत जात होतं, रेशमी साडी घडीतून ओढावी तसं. खरं सांगतो, तो आवाज मला आवडला. पण आवडल्यावर लगेच काळजी वाटली, कारण इतक्या शांततेत फोन वाजला असता तर ऐकू आला असता, आणि तो वाजत नव्हता. रेंजच नव्हती.

आम्ही इतके हळू चाललो होतो की मोशीची पीएमपी बससुद्धा आम्हाला मागे टाकून गेली असती. एवढंसं अंतर कापायला अख्खी सकाळ. मी म्हणालो, दिवसाला दोन आडोसे बघू, एवढे पैसे मोजून आठवडा घेतलाय. मुग्धा हसली. "पप्पा, इथे भाव करायला समोर कुणी नाहीये." अलकाने भाजणी नेली होती. बोटीवरची शेगडी दोन खिट्यांवर टांगलेली असते. बोट कलली तरी ती सरळच राहते. बाहेर आम्ही तिरके, आणि आत चहाचं पातेलं शांत. अलका त्या शेगडीच्या प्रेमात पडली. "घरी अशी बसवून घेता येईल का हो?" तिने विचारलं. मी म्हणालो, घर कललं की बघू.

आता मी इतक्या लांब निश्चिंत कसा गेलो, हे सांगतो. निश्चिंत गेलोच नव्हतो.

त्या वर्षी कंपनीच्या परचेस खात्यातल्या साहेबाशी माझं भावावरून वाजलं होतं. तो दर वर्षी भाव पाडून मागायचा, मी दर वर्षी नाही म्हणायचो, आणि दोघं मधे कुठेतरी भेटायचो. त्या वर्षी तो भेटला नाही. "बघतो मग," म्हणाला आणि फोन ठेवला. तीस वर्षांच्या सौद्यांवरून मला कळतं, "बघतो"च्या पोटात काय असतं. म्हणून निघायच्या आधी मी डाय प्रेसवरून उतरवलीच नाही. वर तिचा पंच काढून घेतला. पंच म्हणजे पत्र्यात घुसून आकार देणारा वरचा तुकडा. आकार नारळाएवढा, पण वजन विचारू नका. तो नसेल तर डाय म्हणजे नुसता लोखंडी ठोकळा, आणि अर्धी डाय कुठला ट्रक सही करून नेत नाही. फोरमन सोनवणेला सांगितलं, कुणी आलं तर म्हणायचं, पंच धार लावायला गेलाय.

"आणि शेठ, खरं कुठं ठेवणार?"

"माझ्याजवळ."

त्याला वाटलं कपाटात. मी तो टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेत घातला. आमच्या भागात असं करणारा मी पहिला नाही. एक जण डायचे बोल्ट स्वतःच्या देवघरात ठेवायचा. फक्त समुद्रात कुणी नेला नसेल.

बोटीवर आमच्या पुढच्या खोलीतल्या कपाटाच्या तळाशी मी तो ठेवला. झोपायच्या आधी हात घालून चाचपायचो. आहे. मग पाठ टेकायची.

पहिले दोन दिवस मुग्धाने सुकाणू हातातच ठेवलं होतं. तिसऱ्या दिवसापासून बोट बिघडली.

वारा स्थिर असला की ती आता सुकाणू ऑटोपायलटवर सोडायची आणि दोऱ्या सारख्या करायला पुढे जायची. बोट आपली आपण ठरलेल्या दिशेने चालायची. तर ती चालेना. बरी जायची, बरी जायची, आणि मधेच कुणी कान धरल्यासारखी वळायची. मुग्धा धावत मागे येई, सुकाणू ओढून घेई. "वाऱ्याचा झोत असेल," म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली, "प्रवाह असेल." तिसऱ्यांदा तिने ऑटोपायलट बंद करून पुन्हा सुरू केला.

दुसऱ्या दिवशीचं दृश्य मला अजून दिसतं. अलका वर बसून कोथिंबीर निवडत होती. बोट अचानक पाठमोरी वळली, वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि शिडाची खालची जाड दांडी एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे धाडकन फिरली. अलका काडी उचलायला त्याच क्षणी वाकली होती. दांडी तिच्या अंबाड्यावरून गेली. नुसता वारा लागला. तिला कळलंसुद्धा नाही; ती म्हणाली, "केवढा आवाज केला गं." मुग्धा सुकाणूला धरून उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

त्या दिवशी तिने सुकाणू सोडलं नाही. चहा दिला तर म्हणाली, ठेवा. नांगर टाकून झाल्यावर तिने तळहात पाण्यात बुडवले तेव्हा ते लाल झाले होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर्टिफिकेट मिळालं म्हणजे येतंच असं नसतं ना, पप्पा?"

माझ्या मुलीच्या तोंडून मी असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. माझं डोकं फिरलं. कडेला गेलो तर फोनला एक दांडी रेंज आली होती. बोट देणाऱ्या ऑफिसला फोन लावला आणि हिंदी, इंग्रजी, जे तोंडात आलं त्या भाषेत झोडपलं. नादुरुस्त बोट देता? माझी बायको आत्ता मेली असती! तिकडचा माणूस सॉरी सॉरी करत होता. अशा माणसाला सोडायचं नसतं. मी आणखी ताणलं आणि बोट एक दिवस जास्त, फुकट, असं कबूल करून घेतलं. फोन ठेवला तेव्हा त्या सहलीत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

त्याच माणसाने मग मुग्धाला फोन करून एक गोष्ट विचारली. ऑटोपायलटला दिशा सांगणारी होकायंत्राची डबी पुढच्या खोलीत, कपाटाच्या मागच्या फळीला लावलेली असते. तिच्या जवळ लोखंडाचं काही ठेवलंय का?

मुग्धा खाली गेली. वर आली ती टॉवेल घेऊन.

"हे काय आहे?"

"पंच आहे."

"कसला पंच?"

"दोन नंबरच्या प्रेसवरच्या डायचा."

तिने तो दोन्ही हातांनी तोलून पाहिला. "तुम्ही फॅक्टरी घेऊन आलात बोटीवर?"

अलका म्हणाली, "मला वाटलं देव आणलाय सोबत. रोज हात लावून झोपत होते."

मुग्धा पायरीवर बसली. "दोन दिवस मला वाटत होतं, मलाच येत नाहीये. मी आईला घेऊन परत जायचा विचार करत होते."

"मला काय ठाऊक, तुमची डबी कुठे असते? बाहेर लिहिलंय का?" मी म्हणालो. आजही म्हणतो. बोट कलली की पंच इकडे घरंगळायचा, दुसरीकडे कलली की तिकडे, आणि प्रत्येक वेळी होकायंत्राला वेगळीच दिशा खरी वाटायची. शिवाय तो नुकताच ग्राइंडिंगच्या चुंबकी टेबलावरून उतरला होता. त्यातलं चुंबकत्व उतरवायला सोनवणेला सांगायचं घाईत राहिलं. घाई कुणामुळे झाली? ज्याने "बघतो" म्हटलं त्याच्यामुळे. मी हौसेने पोलाद घेऊन फिरत नव्हतो.

मुग्धाने पुढे जे केलं ते मी विसरलेलो नाही. तिने ऑफिसला फोन लावला, चूक आमची होती म्हणून सांगितलं आणि तो जादा दिवस परत केला. मी मिळवलेला दिवस! त्यांनी मागितलाही नव्हता. मी आरडाओरडा केला, तर म्हणाली, "पप्पा, तुम्ही त्याला ज्याबद्दल झापलं ते आपणच आणलं होतं." म्हटलं, ते त्याला कुठे माहीत होतं? त्यावर तिने असं बघितलं की मी पाण्याकडे बघायला लागलो.

पण पंच तिने फेकला नाही. नांगराच्या साखळीजवळची पुढची पेटी उघडली, तिथे ठेवायची जागा केली आणि मला खोबरेल तेलाची बाटली आणून दिली. "खारी हवा आहे. गंज चढेल. लावा." प्रेसवाल्याची मुलगी आहे शेवटी.

दुसऱ्या दिवशीचा आडोसा सगळ्यात देखणा होता. अर्धचंद्रासारखी वाळू, मागे कडा, पाणी हिरवं, इतकं नितळ की खाली नांगराची साखळी कडीन् कडी दिसत होती. जरा लांब आणखी एक बोट उभी होती, तिच्यावरचं गोरं म्हातारं जोडपं पुस्तकं वाचत पडलं होतं. दिवसभर त्यांनी पान उलटण्यापलीकडे काही केलं नाही. माणसं अशी कशी राहू शकतात, याचं मला आश्चर्य वाटत होतं आणि थोडा रागही येत होता.

तेवढ्यात फोन वाजला.

"जय भीम शेठ. गाडी आलीय."

मी उठून बोटीच्या पुढच्या टोकाला गेलो. "पत्र आहे?"

"पत्र आहे, सही-शिक्का आहे, क्रेनवाला पण घेऊन आलेत. मी सांगितलं पंच नाही. ते साहेबाला फोन लावतायत."

बोट नांगरावर उभी असते म्हणजे स्थिर नसते. भरती-ओहोटीबरोबर ती हळूहळू नांगराभोवती फिरते. रेंज पुढच्या टोकाला होती ती बघता बघता मधे सरकली, मग मागे. मी फोन कानाला धरून तिच्यामागे चालत होतो, दोऱ्या ओलांडत, कठडा पकडत. सोनवणेचा आवाज तुटक येत होता. गाडी उभी आहे. गाडी उभीच आहे. ड्रायव्हर जेवायला बसलाय. मागे आमच्या शेडच्या जागेचे मालक, कुरुळीचे आबा, यांचा आवाज ऐकू येत होता. त्यांनी गेटवर खाट टाकली होती. "सायेब न्हाई, कपाटाची चावी न्हाई, आमी काय करणार? तुमी बसा. शेंगा खावा. उनाचं कुटं जाता?"

"सोनवणे, कुणाच्या अंगावर जाऊ नका. फक्त म्हणायचं, पंच आला की न्या."

"तेच म्हणतोय शेठ. पण पोरं विचारतायत, गेली तर आपलं काय?"

ही पोरं म्हणजे शटडाऊन असूनही गेटवर जमलेले माझे कामगार. पंचवीस-तीस घरं. रेंज गेली.

पुन्हा रेंज येईपर्यंत मी बोटीच्या नाकावर उभा होतो. आकाश केशरी झालं, कड्यावरून पांढरे पक्षी उतरून आले, पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. अलकाने मुग्धाचा हात धरून शिडीवरून पाय पाण्यात सोडले, मग कमरेपर्यंत उतरली, मग फुगवलेल्या ट्यूबमध्ये बसून आयुष्यात पहिल्यांदा तरंगली. ती माझं नाव घेऊन हाक मारत होती. लग्नानंतर तिने चारचौघांत माझं नाव घेतलेलं मला आठवत नाही. मी हात वर केला तो "थांब, फोन येतोय" म्हणून.

मग आला. "गेली शेठ. रिकामी गेली."

मी ओरडलो. एवढ्या मोठ्याने, की कड्यावरून माझाच आवाज परत आला. गोऱ्या म्हाताऱ्याने पुस्तक खाली ठेवून माझ्याकडे बघत ग्लास उंचावला. त्याला वाटलं असेल, सूर्यास्ताला दाद दिली.

जिंकलो होतो. जानेवारीत साहेबाने बोलावलं, चहा दिला, पंचाचं नावही काढलं नाही. मला वाटलं, मिटलं. मग ऑर्डर बारीक होत गेली. आजाऱ्याचं जेवण कमी होतं तशी. पाडव्यापर्यंत शून्य. त्यांनी तसलीच दुसरी डाय करून घेतली होती आणि काम तळवड्याच्या एकाला दिलं होतं. मी जाऊन टेबलावर हात आपटला तेव्हा साहेब शांतपणे म्हणाला, "विश्वास राहिला नाही ना, शेठ. आमची वस्तू तुम्ही लपवलीत."

विश्वास! मी सुट्टीवर असताना क्रेन पाठवणारा माणूस मला विश्वास शिकवत होता. बावीस वर्षांत माझ्यामुळे त्यांची लाइन एकदाही थांबली नव्हती. ते त्याने कुठल्या तराजूत घातलं? हा सल आहे आणि तो मी जपलाय, लपवत नाही. माणसं कमी करावी लागली. इतर छोट्या कंपन्यांची कामं धरून उरलेल्यांचं भागतं, पण ती धप्प-धप्प पूर्वीची नाही.

जुनी डाय न्यायला मात्र कुणी आलं नाही. दुसरी असल्यावर हिची गरज काय? मी पंच परत बसवला आणि डाय दोन नंबरच्या प्रेसवर तशीच राहू दिली. दर आठवड्याला तेल. चार वर्षं त्या प्रेसने एक तुकडा पाडलेला नाही. ती डाय प्रेसवर आहे तोवर काम परत येऊ शकतं, असं मला वाटत होतं. तळवड्याचा चुकेल, उशीर करेल, साहेब फोन करेल, आणि मी म्हणेन, तयार आहे, पत्रा पाठवा. हे वाक्य मी किती वेळा मनात घोळवलंय.

अलका गेल्या वर्षी मुग्धाबरोबर पुन्हा गेली. आता तिला पोहता येतं. मोशीच्या तलावात शिकली, या वयात. तिथून तिने एक फोटो पाठवला: तोच आडोसा, ती पाण्यात, फक्त डोकं वर. मी तो गेटजवळच्या खुर्चीत बसून पाहिला. आडोसा म्हणजे काय, हे मला तेव्हापासून छळतंय. त्या दोघी रोज सकाळी तो सोडून निघतात. मी एकाच ठिकाणी नांगर टाकून इतकी वर्षं बसलोय आणि रोज तपासतोय, हललो तर नाही ना. वारा तर इथे केव्हाच थांबलाय.

यंदा डिसेंबर लागला आणि दोन गोष्टी बरोबर आल्या. मुग्धा म्हणाली, "तिसरी जागा ठेवलीय, पप्पा. बुधवारपर्यंत सांगा." आणि कंपनीचा मेल आला की वापरात नसलेल्या जुन्या डाय शटडाऊनमध्ये गोळा करून भंगारात काढणार आहेत. गाडी पाठवू.

सोनवणेने मेल दोनदा वाचला. मग म्हणाला, "शेठ, रागावू नका. त्या रांजणगावच्या पार्टीचं काम आपल्याला मिळण्यासारखं आहे. पण त्यांची डाय मोठी आहे. दोन नंबरवरच बसेल. जानेवारीत बघायला येणार आहेत. तेव्हा प्रेस अडकलेली दिसली तर जातील दुसरीकडे."

"अडकलेली नाही. तयार ठेवलीय."

"कशासाठी शेठ?"

मी त्याच्यावर ओरडलो. तो ऐकून घेऊन निघून गेला आणि तासाभराने चहा घेऊन आला. वडिलांनी पिंपरीतल्या कंपनीत उभा जन्म काढला, ती कंपनी बंद पडताना त्याने पाहिलंय. तो आवाज चढवत नाही. पण या वेळी चहा ठेवताना म्हणाला, "पोरं मला विचारतात. मी काय सांगू?"

बुधवारी मी मुग्धाला हो म्हटलं. तिने खात्री करून घेतली, "नक्की ना? सामान तपासणार आहे मी." हो म्हटलं, पण डायचं ठरत नव्हतं. डाय जाऊ दिली तर ते काम कायमचं गेलं, हे कबूल करावं लागणार. ठेवली तर रांजणगावचंही जाणार. दोन्हीकडून माझाच तोटा, आणि घासाघीस कुणाशी करायची तेच कळेना.

आज शटडाऊनचा पहिला दिवस. सकाळी मी आणि सोनवणेने मिळून दोन नंबरचे बोल्ट सोडले. चार वर्षांत ते बसून गेले होते. पाइप लावून दोघांनी लोंबकळावं लागलं. डाय पुढे ओढली तेव्हा तिच्याखालचा प्रेसचा पाट चकचकीत निघाला. सोनवणेने त्यावर फडकं फिरवलं, जरा जास्तच वेळ. डाय पंचासकट दारात आणून ठेवली. दहापर्यंत येतो म्हणाले होते. दहा वाजून गेले. बारा वाजले. संध्याकाळी आम्हाला मुंबईला विमानासाठी निघायचंय, अलकाने दोनदा फोन केला. आबा खाटेवर बसून म्हणाले, "तवा येऊ नये म्हनून बसलो व्हतो, आता यावी म्हनून. ह्या गाडीचं काय खरं न्हाई."

एकपर्यंत मी गेट आणि डाय यांच्यामध्ये फेऱ्या मारल्या. मग परचेसला फोन लावला. जुना साहेब केव्हाच दुसरीकडे गेलाय, हे तिथे कळलं. नवीन माणूस होता.

"कोण बोलतंय?"

नाव सांगितलं. वर्कशॉपचं नाव सांगितलं. त्याच्या लक्षात येईना.

"कुठली डाय, सर? काय पार्ट होता?"

काय पार्ट होता! माझ्या तोंडाशी चार वर्षं आली. बावीस वर्षं, क्रेन, विश्वास, तळवड्याचा तो, टेबलावर आपटलेला हात. सगळं तयार होतं, ओळीने. पण ऐकायला पलीकडे कुणीच नव्हतं. तो बिचारा कीबोर्डवर काहीतरी शोधत होता.

"सीटखालचा ब्रॅकेट," मी म्हणालो.

"हां, मिळालं. सर, आज गाडी जमेल असं वाटत नाही. शटडाऊननंतर पाठवू का?"

"नाही," मी म्हणालो, आणि माझा आवाज एवढा चढला की सोनवणे आतून बाहेर आला. "आजच. चारच्या आत. क्रेन तुमची, माणसं तुमची. मला निघायचंय."